ओझ्याची वाट

भिवंडीत आमच्या कामतघरला सुताचं एक दुकान आहे. त्याच्या दारात मोठा लोखंडी काटा असतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी माझी पाठपिशवी त्या काट्यावर ठेवली. १४ किलो २०० ग्रॅम. बाजूला टेम्पोतून सुताच्या गोणी उतरवणारा हमाल घाम पुसत उभा होता. त्यानं पिशवी एका हातानं उचलून बघितली आणि विचारलं, "किती दिवस?"

"सोळा."

"मग जास्त आहे, भाऊ. टेम्पोपासून दुकानापर्यंत न्यायचं वझं वेगळं आणि दिवसभर अंगावर वागवायचं वझं वेगळं."

तो रोज पाठीवर गोणी घेऊन फेऱ्या मारणारा माणूस. मी त्याचं बोलणं ऐकून घेतलं आणि पिशवीतलं काहीही कमी न करता घरी आलो.

बेत साधा होता. उंबरठा ओलांडायचा तो पायी आणि परत यायचं तेही पायी. मध्ये एसटी नाही, रिक्षा नाही, लोकल नाही. भिवंडीहून गुमतारा, वज्रेश्वरी, तानसा, माहुली. शहापूर-डोळखांबवरून चोंढ्याच्या घाटानं सह्याद्रीच्या माथ्यावर. मग रतनगड, हरिश्चंद्रगड. आणि शेवटी नाणेघाटानं खाली उतरून मुरबाड-कल्याणवरून पुन्हा भिवंडी. तीस वर्षं मी सह्याद्रीत फिरतो आहे. दर वेळी पहाटेची लोकल धरून आसनगाव नाहीतर कसारा गाठायचं आणि तिथून चालायला लागायचं. त्यामुळे भिवंडी एकीकडे आणि डोंगर दुसरीकडे, अशी मनात फाळणी झालेली. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, गोदामं आठवतात, रस्त्यांवरचे खड्डे आठवतात. डोंगर कुणालाच आठवत नाही. कापडाच्या दोन तुकड्यांमधली शिवण बोटांनी चाचपून बघावी, तशी मला या दोन जागांमधली शिवण पायांनी बघायची होती.

पहाटे पाचला निघालो. रात्रपाळी अजून सुटायची होती आणि गल्लीच्या दोन्ही अंगांनी लूमचा खडखडाट चालू होता. माझे वडील सायझिंगच्या कारखान्यात दिवाणजी होते. हा आवाज ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. आवाज थांबला की आमच्या घरात सगळे जागे व्हायचे, कारण वीज गेलेली असायची. वंजारपट्टी नाका ओलांडताना दर वेळी मला बैलांचे तांडे आठवतात. धान्याच्या आणि मिठाच्या गोणी बैलांच्या पाठीवर लादून घाटावरून कोकणात आणि कोकणातून घाटावर नेणारे वंजारी. आज त्या नाक्यावर कापडाच्या तागांचे टेम्पो एकमेकांना खेटून उभे असतात.

नदीनाक्याला कामवारी ओलांडली. शेलार, कवाड, अनगाव. वाड्याकडे जाणारे ट्रक धूळ उडवत होते. बराच वेळ शहर संपलंच नाही. गोदामांचे पत्रे, ढाबे, पंक्चरवाले, पुन्हा गोदाम. मग एका वळणावर एकदम कापणी झालेलं भाताचं खाचर आलं. मधोमध पेंढ्याची उडवी आणि बांधावर बगळे. शिवण होती ती इथं. ती इतकी बारीक होती की गाडीतून कधी दिसलीच नसती.

दुगाडला दुपारी पोहोचलो. हे गाव आज फारसं कुणाला माहीत नसलं, तरी डिसेंबर १७८० मध्ये इथं मराठी फौज आणि कर्नल हार्टलीची इंग्रजी फौज एकमेकींना भिडली होती. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातली ही लढाई. मराठ्यांचे सेनापती रामचंद्र गणेश इथंच कामी आले. गुमतारा किल्ल्याची चढण गावामागच्या जंगलातून जाते. माथ्यावर फुटकी तटबंदी, पाण्याची टाकी आणि वारा. तिथून पश्चिमेला कामणदुर्ग आणि तुंगारेश्वराचा डोंगर, पूर्वेला माहुलीचे सुळके. दक्षिणेला धुरकट पट्ट्यात माझं गाव. ज्या गावात मी अख्खं आयुष्य काढलं, ते मी डोंगरावरून पहिल्यांदाच बघत होतो.

रात्री दुगाडला एका शेतकऱ्याच्या ओटीवर पथारी टाकली. अंग दमलेलं असूनही डोळा लागेना. कारण उशिरानं कळलं. लूमचा आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी वज्रेश्वरी. देवळाला किल्ल्यासारखा तट आणि चढायला ५२ पायऱ्या. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी या देवीला नवस बोलला आणि १७३९ मध्ये वसई सर झाल्यावर देऊळ बांधून तो फेडला. दर्शन घेऊन अकलोलीच्या कुंडांवर गेलो. तानसा नदीच्या काठी गरम पाण्याचे झरे आहेत. पाण्याला गंधकाचा वास आणि काठाला शेवाळ. मी बूट काढून पाय सोडले. शेजारी दोघे जण तसेच बसले होते. बोलता बोलता कळलं की ते भिवंडीचेच लूम कामगार, सुट्टी घेऊन आलेले. "बारा-बारा घंटा खड़े रहते हैं," एक जण म्हणाला, "पैर सूज जाते हैं. यहाँ का पानी अच्छा लगता है." त्यांच्या घोट्यांकडे नजर गेली आणि माझ्या एका दिवसाच्या दुखण्याबद्दल बोलावंसं वाटेना.

तानसा धरणाचा बांध दगडी आहे, जवळपास पावणेतीन किलोमीटर लांब. १८९२ मध्ये तो पुरा झाला आणि तेव्हापासून इथलं पाणी नळांतून मुंबईला जातं. तानसा, भातसा, वैतरणा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी नावं याच मुलखातली. धरणाच्या अलीकडच्या एका पाड्यावर बायका डोक्यावर दोन आणि कडेवर एक असे हंडे घेऊन विहिरीवरून येत होत्या. डिसेंबर होता, विहिरीला पाणी होतं. एप्रिल लागला की शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. हंड्याच्या तोंडावर त्यांनी आंब्याच्या डहाळ्या टाकल्या होत्या, हिंदकळून पाणी सांडू नये म्हणून. एक थेंबही वाया जाणार नाही अशा बेतानं त्या पाय टाकत होत्या. मी बांधाच्या बाजूला उभा राहून त्यांना वाट दिली.

चौथ्या दिवशी माहुली चढलो. ठाणे जिल्ह्यातल्या उंच किल्ल्यांपैकी एक. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन किल्ले एकाच डोंगरावर एकमेकांना चिकटलेले. शेजारी नवरा-नवरी, भटोबा आणि वजीर अशी नावं मिरवणारे सुळके. १६३६ च्या सुमारास शहाजीराजे जिजाबाईंना आणि बाल शिवाजीला घेऊन याच गडावर आले होते आणि इथंच त्यांना मोगल-आदिलशाहीच्या वेढ्यापुढं गड द्यावा लागला. पुढं जून १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात परत आणला. मला मात्र माहुली आठवणार ती माझ्या उजव्या बुटामुळे. उतरताना तळवा पुढून सुटला आणि दर पावलाला जिभेसारखा लोंबू लागला. त्याच दिवशी उजव्या टाचेला लिंबाएवढा फोड आला.

पाचवा दिवस शहापूरला मुक्कामाचा ठेवला होता. लांबच्या वाटेवर मुक्कामाच्या दिवसाची अशी ओढ लागते की आदल्या रात्री माणूस गरम पाण्याची बादली स्वप्नात बघतो. सकाळी कपडे धुतले, फोडाला मलमपट्टी केली, पोटभर मिसळ खाल्ली आणि बूट घेऊन एसटी स्टँडाबाहेरच्या चांभारकाकांकडे गेलो. झाडाखाली पोतं टाकून ते बसले होते. त्यांनी बूट उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला, मग दुसरा बूट घेतला, त्यावरूनही फिरवला.

"पिशवीत डाव्या बाजूला पाणी ठेवता काय?" त्यांनी विचारलं.

मी चकित झालो. दोन लिटरची बाटली डाव्याच कप्प्यात होती.

"डावीकडं वझं, म्हणून तुम्ही उजवीकडं रेलता. उजवी टाच बघा कशी झिजलीय. बूट वाईट नाही. वझं वाईट भरलंय."

त्यांनी आरीनं भोकं पाडली, मेण लावलेला दुहेरी दोरा ओवला आणि तळव्याच्या कडेनं टाका घालत गेले. प्रत्येक टाका ओढताना दोरा मुठीला गुंडाळून मान एका बाजूला झुकवायचे. अर्धा तास मी त्यांचे हात बघत होतो. मग लॉजवर येऊन पिशवी जमिनीवर रिकामी केली. जाड टॉवेल, जड बॅटरी, तीन पुस्तकं, जादा पँट, झाकणाचं मोठं पातेलं. सगळं मिळून ३ किलो ४०० ग्रॅम निघालं. पोस्टात जाऊन त्याचं पार्सल घराच्या पत्त्यावर केलं. हमालाचं म्हणणं मानायला मला पाच दिवस आणि एक बूट लागला.

शहापूरहून पूर्वेला निघालं की समृद्धी महामार्गाच्या खालून जावं लागतं. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा हा रस्ता भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावी येऊन संपतो. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. पुलाच्या सावलीत मी पाणी प्यायलो. वरून ट्रक जात होते आणि खांबांतून थरथर जाणवत होती. घाटावरचा माल कोकणात उतरवायचा आणि भिवंडीला टेकवायचा, हे काम या मुलखात फार जुनं आहे. पुढच्या दहा दिवसांत ते मला वेगवेगळ्या रूपांत दिसत राहिलं.

पहिलं रूप चोंढ्याच्या घाटात भेटलं. पायथ्याला घाटघर जलविद्युत प्रकल्पाचं खालचं धरण आहे. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपानं घाटावर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. म्हणजे इथं पाणीसुद्धा घाट चढतं. मी पहिल्या टप्प्यावर धापा टाकत बसलो होतो, तेवढ्यात खालून एक मावशी आल्या. साठीच्या असाव्यात. डोक्यावर झाकलेली टोपली, पायात साध्या चपला. टोपलीत सुके बोंबील आणि जवळा होता, वास लपत नव्हता.

"कुठं निघालात, मावशी?"

"घाटघरला, बहिणीकडं. नात झालीय. रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

रस्त्यानं गाडीनं जायचं तर मोठा वळसा आणि भाडंही तेवढंच, म्हणून त्या घाटानंच जातात. लग्नाआधीपासून ही वाट त्यांच्या पायाखालची. त्यांची आई मीठ आणि मासळी घेऊन वर जायची आणि नागली घेऊन खाली यायची. बोलता बोलता त्यांनी टोपली एका उंच दगडावर टेकवली. दगडही नेमका त्यांच्या डोक्याच्या उंचीचा. वाकायला नको, कुणाची मदत नको. मग त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढली. जुन्या लुगड्याची पट्टी पिळून, गोल फिरवून, टोक आत खोचलेली. हातात घेतली तर दमट लागली, घामानं ओली आणि मध्ये बरोबर डोक्याच्या आकाराची खोलगट.

"दादा, तुमचं वझं कमरेला लोंबतंय. वर घ्या, खांद्यावर. डोकं, मान, कणा एका रेघेत आला का वझं आपसूक चालतं. नाय तर तुम्ही त्याला वढत बसाल."

त्यांनी माझे पट्टे दोन्ही हातांनी आवळले, पिशवीला खालून एक ढकल दिली आणि टोपली उचलून पुढं चालू लागल्या. घाटमाथ्यापर्यंत मी त्यांच्या मागोमाग होतो. त्या थांबल्या तेव्हा थांबलो, निघाल्या तेव्हा निघालो. टोपली एकदाही कलली नाही. वर पोहोचल्यावर त्यांनी मूठभर जवळा कागदात बांधून दिला. "भाकरीसंगं भाजून खा," म्हणाल्या. मी पैसे पुढं केले तर त्यांनी हात मागं घेतला.

त्यानंतरचे चार दिवस डोंगराचे होते. साम्रदहून त्र्यंबक दरवाज्यानं रतनगड, तिथल्या नेढ्यात बसून खाल्लेला गूळ आणि भाकरी, रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळासमोरचं पाणी. कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिथून पाचनई. पिशवी आता पाठीला चिकटली होती आणि टाचेचा फोड वाळत आला होता. पाचनईत एका घरी रात्री नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळाला. चुलीच्या उबेला बसून मी मावशींचा जवळा निखाऱ्यावर भाजला आणि घरातल्या सगळ्यांनी तो वाटून खाल्ला. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या गार पाण्यातून शिवलिंगाला प्रदक्षिणा घातली. चार खांबांपैकी एकच उभा आहे आणि वरचा कातळ अजून सावरलेला आहे. संध्याकाळी कोकणकड्यावर बसून होतो. कड्याखाली अंधार आधी भरला, मग वाड्यांचे दिवे एकेक करून लागले. त्या अंधारातूनच मला परत जायचं होतं.

तोलारखिंडीनं खिरेश्वरला उतरलो. पिंपळगाव जोग्याच्या पाण्याकडेनं, माळशेजचा रस्ता ओलांडून बाराव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा घाटघरला पोहोचलो. हे दुसरं घाटघर, जुन्नर तालुक्यातलं. चोंढ्याच्या माथ्यावर एक घाटघर आणि नाणेघाटाच्या माथ्यावर दुसरं. घाट चढून आलेल्याला जिथं पहिलं घर दिसेल ते घाटघर. गावांना ही नावं पाठीवर ओझं असणाऱ्यांनीच दिली असणार, असं त्या रात्री वाटलं.

सकाळी जीवधन उजाडताना बघितला आणि नाणेघाटाच्या तोंडाशी गेलो. घळीच्या सुरुवातीलाच तो दगडी रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणून सगळे ओळखतात. कोकणातून घाट चढून येणाऱ्या आणि जुन्नरहून उतरणाऱ्या मालावरची जकात त्यात टाकायची, अशी त्याची ख्याती. मी आत हात घातला. तळाला पालापाचोळा आणि थोडं पाणी होतं. काठ गुळगुळीत झालेला. खाली थोडं उतरलं की लेणं लागतं. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख त्याच्या दोन्ही भिंतींवर आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांची यादी आणि त्या त्या यज्ञात दिलेली दक्षिणा: गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं. अंक लिहिण्याच्या भारतातल्या अगदी जुन्या खुणांमध्ये या लेखातल्या आकड्यांची गणना होते. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या केव्हाच फुटल्या. वर कोरलेली नावं उरली आणि खाली पायांच्या खुणा.

लेण्याच्या दारात बसून मी बराच वेळ त्या भिंतींकडे बघत होतो. दिलेल्या प्रत्येक गायीचा हिशोब दगडावर आहे. त्याच लेण्यासमोरून शेकडो वर्षं जी माणसं पाठीवर, डोक्यावर, बैलांवर माल घेऊन चढली-उतरली, त्यांच्यापैकी एकाचंही नाव इथं नाही. त्यांची नोंद पायाखाली आहे. घाटातले फरसबंदीचे दगड मधोमध झिजून खोलगट झालेत, मावशींच्या चुंबळीसारखे. उतरताना मी त्या खोलगटांत पाय टाकत गेलो. पाऊल आपोआप नीट बसत होतं. तीस वर्षांत किती वेळा या घाटातून गेलो असेन, पण दर वेळी नजर नानाच्या अंगठ्यावर नाहीतर वानरलिंगी सुळक्यावर असायची. या वेळी सगळी उतरण मी खाली बघत केली.

वैशाखरे, टोकावडे, मुरबाड, कल्याण. हे तीन दिवस डांबरी रस्त्याचे आणि सगळ्यांत कठीण. सावली नाही, पायाखाली उष्ण डांबर, बाजूनं सुसाट गाड्या. डोंगरात माणूस चालताना दिसला की कुणीतरी हाक मारून पाणी विचारतं. हमरस्त्यावर पायी चालणाऱ्याकडे लोक संशयानं बघतात. पण जुना माल याच बाजूनं कल्याणला उतरायचा. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत. सोळाव्या दिवशी सकाळी दुर्गाडीच्या पुलावर उभा राहिलो. खाली उल्हासची खाडी. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत स्वराज्याच्या आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली. कल्याण-भिवंडी असं एका दमात म्हणायची सवय तेव्हाचीच असावी. आता खाडीत गाळ आहे आणि जहाजांऐवजी पुलावर कंटेनर आहेत. कोनगाव ओलांडलं आणि गोदामांची रांग सुरू झाली. एका गोदामाच्या दारात माथाडी कामगार खोकी उतरवत होते. माथ्यावर ओझं घेतो तो माथाडी. त्यांच्यासाठी १९६९ मध्ये महाराष्ट्रानं वेगळा कायदा केला, आणि त्यामागं अण्णासाहेब पाटलांनी उभारलेली हमालांची चळवळ होती. एकाच्या डोक्यावर पोत्याची घडी होती. कापड वेगळं, घडी तीच, गोल आणि मध्ये खोलगट.

घरी जायच्या आधी भिस्सीत जेवायला थांबलो. महिन्याच्या हिशोबानं कामगारांना जेवण देणारी ही खानावळ आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. डाळ, भात, रोटी, एक भाजी, ताटं धुऊन ज्याची त्यानं ठेवायची. तिथला एक कामगार माझ्या तोंडओळखीचा. उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्याचा, वीस वर्षं भिवंडीत लूमवर. माझे बूट आणि पिशवी बघून त्यानं चौकशी केली. मी वाट सांगितली. कसाऱ्याच्या बाजूचा डोंगर म्हटल्यावर तो हसला.

"वो घाट मैंने भी चढ़ा है."

२०२० च्या मे महिन्यात. लूम बंद, भिस्सी बंद, खोलीचं भाडं थकलेलं. त्या महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली, तिच्यात त्याला जागा मिळाली नाही. मग गावचे सात जण आग्रा रोडनं चालत निघाले. दिवसा ऊन म्हणून रात्री चालायचे. कसारा घाटात त्याची चप्पल तुटली. पुढं नाशिकला कुणीतरी रस्त्याकडेला जोडे वाटत होतं, तिथं त्याला मिळाले. मध्य प्रदेशच्या हद्दीपर्यंत असे चालत गेले, तिथून बस आणि ट्रक.

मला सोळा दिवस एकच विषय पुरला होता, म्हणून मी विचारलं, "सामान किती होतं?"

"कपड़े, पानी, और चार किलो सत्तू." तो ताटातला भात कालवत थांबला. "बोझ रोज़ हलका होता था. तो डर लगता था."

मी काही बोललो नाही. शहापूरच्या पोस्टातून बाहेर पडताना मला केवढं सुटल्यासारखं वाटलं होतं, ते आठवलं. पाचनईत पिशवी हलकी लागली तेव्हा मी अंगणात दोन उड्या मारल्या होत्या. ज्या मापानं मी माझी वाट मोजत आलो होतो, त्याच मापानं या माणसानं आपली वाट मोजली होती, आणि दोन्ही वेळा काटा एकाच दिशेला झुकला होता.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "उधर कौन था आपका?"

"कोई नहीं. घूमकर यहीं आना था."

त्यानं मान हलवली. "अच्छा है. मुझे भी यहीं आना पड़ा. छह महीने बाद." मग उठून ताट धुतलं, जागच्या जागी ठेवलं आणि म्हणाला, "नाईट है मेरी."

सुताच्या दुकानापाशी आलो. काटा दारातच होता. परतल्यावर पिशवी पुन्हा त्यावर ठेवायची, किती कमी झाली ते बघायचं आणि हमालाला सांगायचं, असं मी वाटेत कितीदा तरी ठरवलं होतं. तो आत गोणी रचत होता. मी त्याला बाहेरूनच हात केला, त्यानं पिशवीकडे बघून मान डोलावली, आणि मी पुढं गेलो.

रात्री अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा दोन्ही बाजूंनी लूम चालू होते. एका माणसाकडे सहा-सहा, आठ-आठ लूम असतात. त्यांच्या मधल्या अरुंद गल्लीत तो पाळीभर ये-जा करतो, तुटलेला धागा जोडतो, संपलेली कांडी बदलतो आणि पुढच्या लूमकडे जातो. बारा तासांत किती कोस होत असतील, ते कुणी मोजलेलं नाही. त्या खडखडाटात कुठंतरी बस्तीचा तो माणूस चालत होता. दुगाडच्या ओटीवर ज्या आवाजावाचून मला झोप लागली नव्हती, तो आवाज कुणाच्या पायांवर चालतो हे त्या रात्री मला पहिल्यांदा ऐकू आलं. पहाटे पाळी सुटल्यावर माणसांचे आवाज गल्लीतून गेले, तेव्हाही मी जागाच होतो.